मालवाहू व्हॅनमधले चार दिवसांचे बिऱ्हाड

शेतमाल वाहण्यासाठी घेतलेली गाडी वर्षातून किती दिवस दारात रिकामी उभी असते, हे एकदा मोजून पाहा. कांदा निघाला, बाजार समितीत जाऊन विकला गेला, की पुढचे पीक हाती येईपर्यंत तिला फारसे काम नसते. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातोच. मग एखाद्या संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या घरात विषय निघतो. मागच्या भागात गाद्या टाकल्या, चार भांडी घेतली, तर म्हाताऱ्या आईला पंढरपूर-तुळजापूर घडवता येईल की! लॉजचे भाडे नाही, परक्याच्या गाडीची मिनतवारी नाही.

विचार वाईट नाही. वाईट आहे ते पुढचे पाऊल. हल्ली मोबाईलवर फिरत्या घरांची चित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. वेल्डिंगचे दुकान तालुक्याला असतेच. तो सांगतो, पत्रा कापून दोन खिडक्या पाडू, लोखंडी पलंग वेल्ड करू, छतावर टाकी बसवू, आठ दिवसांत घर तयार. हे ऐकून ज्यांनी गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली असेल, त्यांनी हा लेख वाचून होईपर्यंत तरी त्याला गॅस पेटवू देऊ नये.

गाडीला घर करण्याची हौस आपल्याला नवी नाही. जत्रेला निघालेल्या बैलगाडीत खाली कडबा, त्यावर वाकळ, बाजूने तट्ट्या आणि वर कापड, असे बिऱ्हाड आपल्या आजोबा-पणजोबांनी कैक वेळा मांडले. जत्रा आटोपली की तट्ट्या सोडल्या, कडबा बैलांनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून शेणखत शेतात गेले. गाडी गाडीच राहिली. नेमकी हीच अक्कल सातासमुद्रापार जर्मनीतल्या एका कारखान्याने वापरली आणि तिच्यावर नाव कमावले. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फोक्सवॅगनचा कारखाना इंग्रज लष्कराच्या ताब्यात होता. आवारात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी कामगारांनी मोटारीच्याच सांगाड्यावर एक सपाट हातगाडीसारखी गाडी बनवली होती. बेन पॉन नावाचा हॉलंडचा मोटार-व्यापारी तेथे आला होता. ती ओबडधोबड गाडी पाहून त्याच्या डोक्यात कल्पना आली. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने आपल्या वहीत एका चौकोनी मालगाडीचे चित्र काढले: पुढे चालक, मागे इंजिन, मध्ये माल. ते चित्र आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. मार्च १९५० मध्ये त्या गाडीचे उत्पादन सुरू झाले. इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे. पाववाले, रंगारी, सुतार, भाजीवाले अशा लहान धंदेवाल्यांनी ती उचलली.

युद्धाने पोळलेल्या त्या देशात लहान धंदेवाल्याला एक गाडी घेणे हीच मोठी गोष्ट होती. धंद्याला एक आणि कुटुंबाला फिरायला एक, हे परवडणार कोणाला? ही अडचण ओळखली वेस्टफालिया नावाच्या कारखान्याने. हा कारखाना मुळात १८४४ साली लोहाराच्या भट्टीपासून सुरू झालेला. पुढे घोडागाड्या करण्यात मुरलेला. १९५१ च्या सुमारास त्यांनी या मालगाडीसाठी एक लाकडी पेटी बनवली. पेटीत झोपायच्या फळ्या, गाद्या आणि कपडे-भांडी ठेवायचे कप्पे. सोबत स्टोव्ह आणि हात-तोंड धुण्याचे भांडे. शनिवारी पेटी गाडीत चढवायची, फळ्या उलगडायच्या, की झाला बिछाना. सोमवारी पेटी उतरवून कोठारात ठेवायची आणि गाडी पुन्हा मालाला जोडायची. पुढे या गाड्या जगभर ‘कॅम्पर’ म्हणून प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत कायमची कपाटे, वर उचलणारी छते आली. ब्राझीलमध्ये तर त्या घराण्यातली मूळ बांधणीची गाडी २०१३ अखेरपर्यंत तयार होत होती. पण सुरुवात झाली ती सुट्या पेटीपासून, हे आपण ध्यानात ठेवायचे.

कायदा कुठे आडवा येतो?

आपल्याकडे सुट्या पेटीचे महत्त्व दुप्पट आहे, कारण आपला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचे कलम ५२. गाडी कारखान्यातून जशी आली आणि आर.सी. पुस्तकात जशी नोंदली गेली, तिच्यात मालकाने परस्पर बदल करायचा नाही, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रत्येक बदलामागे, बरे का! खिडकी वेगळी, पलंग वेगळा, छतावरची टाकी वेगळी मोजली गेली, तर हिशोब आपणच करावा. वर फिटनेसच्या वेळी गाडी अडेल ती वेगळीच.

याहून मोठी गोष्ट माणसांची. मालगाडीच्या मागच्या भागात माणसे बसवून नेणे हे खेड्यात इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतच नाही. लग्नाला, दशक्रियेला, देवाला, सगळीकडे पिकअप भरून माणसे निघतात. अपघात झाला की मग विम्याचा कागद शोधला जातो. २००२ साली आशा राणी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालवाहू गाडीतून प्रवासी म्हणून जाणाऱ्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट निराळी. पण मागे गादीवर बसलेली आई, वहिनी, मुले हे प्रवासी. म्हणजे दुर्दैवाने काही घडलेच, तर माणूस जाईल, आणि भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर, पर्यायाने त्याच्या जमिनीवर येऊ शकेल.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पत्र्याच्या पोकळ डब्यात पट्टा नाही, धरायला काही नाही. जोराचा ब्रेक लागला की माणूस गोणीसारखा पुढे आदळतो. गोणीला हाडे नसतात.

तेव्हा नियम एकच. आसने जितकी आर.सी. पुस्तकात, तितकीच माणसे गाडीत, तीही पुढे आणि पट्टा लावून. मागचे बिऱ्हाड गाडी उभी राहिल्यावरच मांडायचे. पंढरीच्या वारीत आपण हे दर वर्षी पाहतोच. दिंडीचे तंबू, भांडी, पिठाची पोती ट्रकमधून पुढे जातात. वारकरी पायी येतो आणि मुक्कामाला दोघांची गाठ पडते.

निफाडच्या एका घरची गोष्ट

निफाड तालुक्यातील माझ्या माहितीतल्या एका शेतकरी कुटुंबाने ही गाठ फार छान जुळवली. दोन आसनांची बंद व्हॅन, तिच्यातून एरवी भाजी आणि कांदा जातो. घरात आई शहात्तर वर्षांची, मुलगा, सूनबाई आणि कॉलेजात जाणारा नातू. चौघे, आणि आसने दोन. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, म्हातारीला पुढे बसवा, बाकीचे मागे बसा, कोण बघतंय! सूनबाईंनी तो मोडून काढला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकीट अर्धे आहे. सासू-सून एस.टी.ने निघाल्या, बाप-लेक व्हॅनने. मुक्कामाच्या गावी, ठरवून ठेवलेल्या धर्मशाळेच्या आवारात, भेट. रात्री सासू-सून गाडीत झोपत आणि बाप-लेक धर्मशाळेच्या ओवरीत. पंढरपूर झाले, सोलापूरवरून तुळजापूर झाले, मग अक्कलकोट. “एस.टी.त पाय मोकळे सोडायला मिळाले नाहीत,” एवढीच आईची तक्रार होती. पण गर्दीच्या दिवसात खोली शोधत वणवण करावी लागली नाही, पहाटे स्वतःच्या हातचा चहा मिळाला आणि दुपारी पाठ टेकायला हक्काची जागा मिळाली, याचे तिला केवढे अप्रूप!

त्यांच्या गावच्या सुताराने पेट्या दोन केल्या, एक नाही. हा शहाणपणा. एकच मोठी पेटी चार माणसांशिवाय उचलत नाही. दोन लांबट पेट्या, प्रत्येकी दीड फूट रुंद आणि फूटभर उंच, दोन्ही बाजूंच्या पत्र्याला लागून ठेवायच्या. मधली जागा चालण्याची. झोपायच्या वेळी त्या मधल्या जागेवर फळ्या आडव्या टाकल्या की सलग बिछाना. पेटीचे झाकण वर उघडते. आत एका बाजूला कपडे-अंथरुणे, दुसरीत शिधा आणि भांडी. आतली लांबी सहा फुटांना थोडी कमी पडली. पण झोपणाऱ्या दोघी पाच-सव्वापाच फुटांच्या, तेव्हा काम भागले. आपल्या गाडीचे माप आपणच घ्यावे, आणि तेही चाकांवरचे उंचवटे धरून. कागदावरचे माप आणि फळी बसण्याचे माप यांत दोन बोटांचा फरक निघतोच.

मिस्त्रींनी आधी १८ मिलिमीटरचे प्लायवूड सांगितले होते. आठ बाय चारचा तसला तुकडा साधारण ३३ किलो भरतो. १२ मिलिमीटरचा २२ च्या आसपास. पेटीला मधून आधाराची पट्टी दिली तर १२ मिलिमीटर पुरते. उगीच जाडजूड काम करून गाडीवर बोजा टाकू नये. शेवटी सगळे सामान, पाण्यासकट, त्यांनी कांद्याच्या काट्यावर घातले. दोन गोण्यांहून थोडे जास्त भरले. गाडीला ते काहीच नाही.

भोके पाडायची नाहीत, वेल्ड करायचे नाही, मग पेट्या जागेवर राहायच्या कशा? माल बांधण्यासाठी गाडीत कड्या दिलेल्या असतात. त्यांना रुंद पट्टे बांधून पेट्या आवळायच्या. सुंभ किंवा नायलॉनची दोरी ताणली जाते, सैल पडते. आवळता येणारा पट्टा बाजारात मिळतो, तो घ्यावा. पेटीखाली जुन्या ट्यूबचे रबर घातले की ती सरकत नाही आणि पत्राही घासत नाही. अशी सुटी, बांधलेली पेटी म्हणजे गाडीत ठेवलेला माल. गाडीत केलेला बदल नव्हे. तरी कोणाला शंका वाटली तर आर.टी.ओ. कार्यालयात विचारून मग निघावे.

पेट्या चढवण्याआधी एक काम न चुकता करायचे. या गाडीतून आपण काय काय वाहिले आहे, ते आठवायचे. खताच्या गोण्या, कीटकनाशकांचे डबे, तणनाशक. एखादा डबा कधी तरी पाझरलेला असतो. गाडी साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावी, दारे उघडी टाकून दोन-तीन दिवस उन्हात तापू द्यावी. खालच्या रबरी चटईत औषध मुरले असेल तर चटई काढून टाकावी. तिच्यावर घोंगडी पसरून कोणाला झोपवू नये.

ऊन, वारा आणि चूल

पत्र्याचा बंद डबा दुपारी कसा तापतो, ते सांगायला नको. त्यावर लोक आतून कापूस, गोणपाट, थर्माकोल ठासून भरतात. ते करू नये. माणूस झोपेत श्वासावाटे पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. पहाटे ते थंड पत्र्यावर दवासारखे जमते. गोणपाट ते पाणी धरून ठेवते, कुबट वास सुटतो आणि पत्रा आतून गंजतो. त्यापेक्षा गाडी झाडाखाली उभी करावी, आणि टपाच्या वर वीतभर अंतर सोडून पांढरे कापड किंवा ताडपत्री ताणावी. मधून वारा खेळला की पत्रा तापत नाही. कांदाचाळीला आपण तळातून आणि बाजूंनी हवा देतो, तेच तत्त्व. समोरासमोरच्या काचा दोन-दोन बोटे खाली, त्यांवर डासांची जाळी लोहचुंबकाने चिकटवलेली. गादीखाली बांबूची चटई, म्हणजे खालूनही ओल धरत नाही.

चुलीबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. स्वयंपाक गाडीच्या बाहेर. आत शेगडी नाही, स्टोव्ह नाही, थंडीत ऊब म्हणून कोळशाची बुडकुलीही नाही. कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला जाग येत नाही. म्हणूनच पंख्यासाठी किंवा गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपायचेही नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बंद गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. निफाडकरांनी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असा शिधा घेतला होता. चुलीचे काम चहा आणि खिचडीपुरतेच ठेवले, तेही धर्मशाळेने दाखवलेल्या जागेवर.

विजेची सोय त्यांच्या नातवाने केली, आणि फार हुशारीने. फवारणीच्या पाठीवरच्या पंपाची बॅटरी १२ व्होल्टची आणि १२ ॲम्पिअर-तासांची होती. गुणाकार केला तर १४४ वॅट-तास. बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाती आले ७२. पाच वॅटचा एक दिवा चार तास, म्हणजे २०. पाच वॅटचा छोटा पंखा आठ तास, म्हणजे ४०. एका रात्रीची बेगमी झाली. सकाळी चहाला बसले की धर्मशाळेत ती चार्जिंगला. बॅटरी पंपातून काढून स्वच्छ पुसून घेतली होती. पंप अर्थातच घरी. याहून मोठी सोय करायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: १२ व्होल्टवर प्रवाह जास्त लागतो. १२० वॅटला घरच्या विजेवर अर्धा ॲम्पिअर पुरतो, तेथे येथे दहा ॲम्पिअर. बारीक वायर तापते आणि जळते. वायर जाड हवी आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावू नये.

पाण्याला नळाचा वीस लिटरचा कॅन एक, भरलेला वीस किलो. तो पेटीच्या मध्ये, खाली, बांधून. छतावर जड काही ठेवू नये. वळणावर गाडी झोकांड्या खाते.

एका विषयावर पुरुषमंडळी बोलत नाहीत आणि सगळा बेत तेथेच बिघडतो. बायकांनी जायचे कुठे? सूनबाईंनी निघण्याआधीच मुलाला सांगितले होते, की धर्मशाळेला फोन करशील तेव्हा खोलीची नाही, आधी संडास-न्हाणीघराची चौकशी कर. रात्री उघडे असते का, दिवा आहे का, ते विचार. जेथे उत्तर धड मिळाले नाही, तेथे मुक्काम ठेवलाच नाही. आईसाठी घट्ट झाकणाची बादली आणि डबाभर राख गाडीत होती. मागच्या दाराला आतून जाड पडदा, आणि कडी आतून लावता येते की नाही याची आधीच खात्री. बंद मालगाडीचे मागचे दार पुष्कळदा आतून उघडतच नाही. निघण्यापूर्वी एकाने आत बसून दार उघडून पाहावे. उघडत नसेल तर पुढे आसनांकडून बाहेर पडण्याची वाट हवी. तीही नसेल, तर त्या गाडीत झोपायचे नाही. सामान गाडीत आणि माणसे ओवरीत.

कोणाला कायमचेच फिरते घर हवे असेल, तर त्याचाही रस्ता आहे, पण तो वेल्डिंगच्या दुकानावरून जात नाही. मोटार कॅराव्हॅन असा गाडीचा वेगळा प्रकार आपल्या नियमांत आहे, त्याची मानके ठरलेली आहेत. चाचणी होऊन मान्यता मिळालेली गाडी घ्यावी आणि तशीच नोंदवावी. किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर जाते, हे खरे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात अशा गाड्या उभ्या करण्याच्या तळांचाही विचार आहे. रस्त्यालगत शेत, सावली, पाणी आणि स्वच्छ संडास असलेल्या शेतकऱ्याने त्याची माहिती जरूर काढावी. दुसऱ्याचे बिऱ्हाड आपल्या आंब्याखाली चार पैसे देऊन उतरले तर काय वाईट?

निफाडच्या त्या दोन पेट्या आता कांदाचाळीच्या कोपऱ्यात आहेत. एकीत कांद्याचे बी, दुसरीत गोधड्या. चतुर्थीनंतर त्या पुन्हा गाडीत चढणार आहेत. या वेळी कोल्हापूर. आईने एस.टी.तली खिडकीची जागा आतापासून मागून ठेवली आहे.